टाकी सरळ काढावी

सोमवार, ३ फेब्रुवारी

अध्यक्षांनी चहा नको म्हटलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. हा माणूस चहा सोडतो तेव्हा त्याला काहीतरी मोठं हवं असतं.

"बाई, चित्रांचं प्रदर्शन भरवायचंय. अख्ख्या वसाहतीचं. तुमच्याशिवाय कोण करणार?"

निमित्त नव्या पंपाचं. इतकी वर्षं आमची टाकी कधी अर्ध्यावर भरली नाही. वरच्या मजल्यावरच्या बायका बादल्या घेऊन जिना चढायच्या आणि अध्यक्षांना शिव्या द्यायच्या. आता टाकी काठोकाठ भरते, त्याच बायका त्यांना 'भाऊ' म्हणतात. त्या टाकीचं कौतुक म्हणून प्रत्येक घराने आपल्या खिडकीतून दिसणारी टाकी काढायची आणि ती चित्रं टाकीखालच्या हॉलमध्ये लावायची. टाकीच्या चार खांबांच्या मध्ये भिंती घालून तो हॉल केलेला आहे. जागा फुकट जायला नको म्हणून. टाकी मधोमध, एका बाजूला आमची रांग, दुसऱ्या बाजूला पलीकडची, त्यामुळे ती सगळ्यांनाच दिसते.

शाळेत मी चित्रकला आणि भूमिती शिकवली. निवृत्त झाल्यापासून कोणी मला काही सरळ करायला सांगितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

दुपारी नियम लिहून काढले. एका घराचं एकच चित्र. कागद ठरल्या मापाचा. चौकटीला झालर, चमकी, कापसाचे ढग चालणार नाहीत. चित्रावर शाईने भलंमोठं नाव नको.

सुनेने वाचलं. "आई, हे वाचूनच निम्मे लोक पळतील."

"उरलेले निम्मे बरे असतील," मी म्हटलं.

उद्घाटन तेवीसला, रविवारी.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पहिली चित्रं आली. रंग बरे आहेत. पण टाकी! आमच्या रांगेतल्या एकूण एक चित्रात टाकी उजवीकडे झुकलेली, वसाहतीच्या कडेने नाला जातो त्याच्या बाजूला. कोणाची थोडी, कोणाची जास्त. शाळेतही हेच व्हायचं. उजव्या हाताने उभी रेघ ओढताना मनगट बाहेर फिरतं आणि रेघ वर जाऊन उजवीकडे ढळते. म्हणून तर काटकोन्या असतो.

चित्रं परत पाठवली. नियमांत एक ओळ वाढवली : टाकी सरळ काढावी.

तळमजल्यावरचे ड्रायव्हरभाऊ स्वतः भांडायला आले. जन्मभर बस चालवली, आता गुडघे धरून बसतात.

"बाई, मी आयुष्यभर आरशात बघून गाडी मागे घेतली. मला सरळ-तिरकं कळत नाही?"

"गाडी मागे घेणं वेगळं, भाऊ. कागदावर आरसा नसतो."

"मला दिसली तशी काढली."

"दिसतं तसं नसतं, म्हणून तर मास्तर लागतो."

ते बडबडत गेले, पण माझा काटकोन्या घेऊन गेले. संध्याकाळी चित्र परत आलं. टाकी ताठ, शाळेतल्या कवायतीला उभी असावी तशी.

रविवार, ९ फेब्रुवारी

घरातच बंड. आमच्या घरचं चित्र वन्संनी काढलं आणि मला न विचारता सुनेने ते ढिगात ठेवलं.

वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, खुब्याचं हाड मोडल्यापासून खिडकीशी खाटेवर आहेत. यजमान गेले, मुलगा कामासाठी दूर, घरात आम्ही तिघी. पाय चालत नाहीत त्याची भरपाई जिभेने होते. डॉक्टरांनी उशीसुद्धा हलवू नका सांगितलंय, त्यामुळे बाई दिवसभर एकाच बाजूला बघत असतात. सुनेने त्यांना कोळशाची कांडी आणून दिली आहे. चादरींची काय दशा झाली ते धुणारीलाच माहीत, म्हणजे मला.

चित्रात आधी खिडकीचे उभे गज, जाडजूड काळे, आणि मागे टाकी अशी दोन गजांच्या मध्ये अडकलेली. तीही वाकडी.

मी म्हटलं, "वन्सं, गज कशाला काढले? तुरुंग वाटतोय."

"मग मला काय वाटतं वाटलं तुम्हाला, वहिनी?"

पण नियम तो नियम. ते चित्र मी बाजूला काढलं आणि घरचं चित्र स्वतः काढायला बसले. खिडकीकडे पाठ करून, टेबलावर. सून म्हणाली, "आई, निदान खिडकीकडे तोंड तरी करून बसा."

"टाकी कशी असते ते मला माहीत आहे. बघायची काय गरज?"

काटकोन्या, कंपास, कडक पेन्सिल. चार खांब, आडव्या तुळया, वर गोल टाकी, शिडी. एक रेघ इकडची तिकडे नाही. पुष्कळ दिवसांनी हात इतका स्थिर होता. हे चित्र हॉलच्या मधोमध लागेल, इतरांना नमुना म्हणून.

बुधवार, १२ फेब्रुवारी

पलीकडच्या रांगेची चित्रं आली. त्यांच्या टाक्या डावीकडे झुकलेल्या!

आमचे लोक उजवीकडे पाडतात, ते डावीकडे. तिकडचे सगळे डावखुरे आहेत की काय? एकाचं बघून दुसऱ्याने काढलं असणार. परीक्षेत मी अशा वह्या बरोबर ओळखायचे.

सून चित्रांचे ढीग लावत होती. म्हणाली, "आई, सगळेच्या सगळे कसे चुकतील?"

"सगळे चुकतात म्हणूनच शाळा असते."

ती हसली नाही. खाली मान घालून ढीग लावत राहिली. ही मुलगी वाद घालत नाही, नुसती गप्प होते. वाद परवडला.

चित्रं सगळी परत. काटकोन्या आता घरोघर फिरतोय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हॉल उघडून झाडून घेतला. रंग बरा आहे, भिंतींवर कमरेच्या उंचीला तपकिरी पट्टा आहे तो चित्रं ओळीत लावायला उपयोगी पडेल. दार मात्र उघडेना. सुताराने खांद्याने ढकललं तेव्हा कुठे किंचाळत उघडलं.

"लाकूड फुगलंय, बाई."

"या कोरड्या हवेत?"

"लाकूड आहे, बाईमाणसासारखं. कधी कशाने फुगेल सांगता येत नाही." माझं तोंड बघितलं आणि मुकाट्याने रंधा काढला.

मी टेबलाशी बसून नावांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. पेन्सिल ठेवली की घरंगळून खाली. टेबलाचा पाय आखूड असणार. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली, तर दुसऱ्या पायाखालीही घालावी लागली.

हॉलमागे, नाल्याच्या अंगाला, ऐन उन्हात हिरवंगार गवत माजलंय. जमीन चप्पल रुतेल इतकी मऊ. सून म्हणाली, "किती छान दिसतंय ना? पाहुण्यांचे फोटो इथेच काढू."

चला, काहीतरी फुकटचं सुंदर मिळालं.

रविवार, १६ फेब्रुवारी

दार पुन्हा अडकतंय. सुताराला बोलावलं. तो म्हणाला, परवा तासलं ते वरच्या कोपऱ्यात, आता अडकतंय तेही वरच्याच कोपऱ्यात. "चौकट दबली बहुतेक." मी म्हटलं, बहुतेक-बिहुतेक नको, तास. त्याने तासलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

चित्रं लावली! दिवसभर मी, सून आणि सुतार. प्रत्येक चित्राला मागे दोरी, एक खिळा. मी लांब उभी राहून पट्ट्याशी ताडून बघायची, सून हाताने नीट करायची. "उजवा कोपरा वर. जरा. बस." आमच्या रांगेची चित्रं आमच्या रांगेकडच्या भिंतीवर, पलीकडची पलीकडच्या, आणि लहान मुलांनी हौसेने काढलेली, घराच्या चित्रांत न धरलेली, उरलेल्या दोन भिंतींवर. सरळ टाक्यांची ती ओळ बघून मला फार बरं वाटलं. लोकांना शिस्त लावली तर लागते.

अध्यक्ष येऊन फोटो काढून गेले. पाहुण्यांना पाठवणार म्हणे. त्यांच्या डोक्यात एक नवीन खूळ आहे. फीत कापली की पंप सुरू करायचा आणि टाकी भरून वाहू द्यायची, वरून धबधबा कोसळायला हवा. "लोकांनी जन्मभर विसरू नये, बाई!"

पाणी वाया जाईल, मी म्हटलं.

"एक दिवस जाऊ द्या हो. इतकी वर्षं तहानेत काढली."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

कोणीतरी खोडसाळपणा केलाय.

सकाळी हॉल उघडला तर चित्रं कललेली. आमच्या रांगेकडच्या भिंतीवरची झाडून सगळी उजवीकडे, समोरच्या भिंतीवरची डावीकडे. मुलांच्या दोन भिंती मात्र जशाच्या तशा. म्हणजे वाऱ्याचं काम नव्हे. खाली जमिनीवर भुरभुर चुना. झाडणारी म्हणते काल संध्याकाळीच पुसलं होतं. तिचं नेहमीच काल पुसलेलं असतं.

सगळी पुन्हा पट्ट्याला लावून घेतली. दुपारी पंपाची घरघर सुरू झाली, मी जेवून परत गेले तर पुन्हा तेच.

हॉलच्या किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक अध्यक्षांकडे, एक सुनेकडे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज पुन्हा. मी सुनेला विचारलं. सरळच विचारलं, आडून बोलायची मला सवय नाही.

"माझ्यावर राग आहे तर तोंडाने बोल. लोकांच्या चित्रांशी खेळू नकोस."

ती बघतच राहिली. "मी? आई, मी कशाला हलवू?"

"आत्याबाईंचं चित्र घेतलं नाही म्हणून. किल्ली तुझ्याकडे आहे."

तिने कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. किल्ली घरंगळली नाही, बरं झालं. ती घरी गेली. रात्रीचं जेवण तिने वन्संच्या खोलीत घेतलं. दोघी आत हसत होत्या. मी बाहेर एकटी जेवले. मीठ कमी होतं, मी बोलले नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आता एकच किल्ली अध्यक्षांकडे आणि दोन माझ्या पदराला. तरीही चित्रं कलली. म्हणजे अध्यक्ष? त्या माणसाला स्वतःच्या शर्टाची बटणं सरळ लावता येत नाहीत, तो चाळीस चौकटी एका मापाने कशाला वाकड्या करील?

विचार करत बसायला वेळ नाही. सुताराला बोलावून प्रत्येक चित्र पट्ट्याला लावून खालच्या दोन्ही कोपऱ्यांना खिळे ठोकून घेतले. सुतार म्हणाला, "आता भूकंप झाला तरी हलायची नाहीत." बघतेच कोण हलवतं.

वन्संच्या उशाशी औषधांच्या खोक्यांचा ढीग झालाय. फाडून उलट्या बाजूंवर टाकी, टाकी, टाकी. रोजची एक. सगळीकडे तेच गज. मी म्हटलं, केर काढू का हा?

"हात लावू नका. माझी मैत्रीण आहे ती. चाललीय कुठेतरी."

"कोण?"

"टाकी. आधी या दोन गजांच्या मध्ये होती, आता या गजामागे दडतेय. जाऊ दे बाई तिला. तिला तरी पाय आहेत, तेही चार."

औषधाने डोकं जड होत असेल. डॉक्टरांना विचारायला हवं.

शनिवार, २२ फेब्रुवारी. सकाळ

अडकवलेल्या चित्रांतलं एकही हललं नाही. खिळे कामी आले. भिंतीला मात्र पट्ट्याखालून एक चीर गेली आहे, खिळ्यांमुळे असणार. तिच्यावर माझंच चित्र सरकवून लावलं. झाकली गेली.

शनिवार, संध्याकाळ

आज अक्षर नीट येणार नाही. पण क्रमाने लिहिते.

दुपारी वन्संची चादर बदलायची होती. सून बाहेर होती, म्हणून शेजारणीच्या मदतीने, डॉक्टरांनी दाखवलं तसं, त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. मी खाटेवर वाकून चादर खोचत होते. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आलाच आहात तर एकदा माझ्या जागी पडून बघा. पंधरा वर्षं मुलांना 'नीट बघा' म्हणालात. तुम्ही कधी बघता?"

चिडूनच पडले. ठरल्या उशीवर डोकं टेकलं, एक डोळा मिटला, कोळशाची कांडी हात लांब करून धरली. वर्गात मुलांना उंची मोजायला हेच शिकवायचे. आणि मग वन्संची खोकी एक एक करून समोर धरली. पहिल्यात टाकी दोन गजांच्या मधोमध. पुढच्यात गजाला टेकलेली. समोर, खिडकीत, तिची कड गज ओलांडून पलीकडे गेलेली. खाट तीच, उशी तीच, गज तेच. एकाच जागी बांधलेला असा डोळा मला वर्गात कधी मिळाला नव्हता.

मी उठले. हॉलची किल्ली दोऱ्याला बांधली आणि पलीकडच्या रांगेत शिरले. ज्या घरात पहिली घंटी वाजवली त्यांच्या खिडकीत तो दोरा धरला. टाकी दोऱ्यापासून डावीकडे गेलेली.

इकडून उजवीकडे, तिकडून डावीकडे. मनगटाची चूक असती तर दोन्हीकडून एकाच अंगाला गेली असती. समोरची वस्तूच वाकडी असेल, तर इकडून बघणाऱ्याला ती उजवीकडे दिसणार आणि तिकडून बघणाऱ्याला डावीकडे. भूमितीच्या पहिल्या धड्यातली गोष्ट. हॉलमधली चित्रंही तशीच कलली होती, आणि त्याच दोन भिंतींवर. ती कललीच नव्हती. दोरीला टांगलेली वस्तू सरळच लटकते. पट्टा वाकडा होता. भिंत वाकडी होती. मी रोज सकाळी जाऊन सरळ चित्रं वाकड्या भिंतीला जुळवत होते आणि शेवटी खिळे ठोकले.

हॉलमध्ये जाऊन स्टुलावर चढले, नाल्याच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीला वर दोरा टेकवला. खाली किल्ली आणि भिंत यांच्या मध्ये माझा तळहात आरामात गेला. नवा पंप, काठोकाठ पाणी, मागची ओली जमीन, ते हिरवं गवत. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

अध्यक्षांकडे गेले. ते पाहुण्यांसाठी खुर्च्या मोजत होते.

"अध्यक्ष, टाकी झुकतेय. पंप बंद करा, टाकी रिकामी करा, उद्या हॉल उघडू नका."

ते हसले. मग माझं तोंड बघून थांबले. मग खिशातून मोबाइल काढून फोटो दाखवले. "बाई, तुमच्याच चित्रांत बघा की. चाळीस घरं, चाळीस खिडक्या. एक तरी टाकी वाकडी आहे का? पाण्याच्या खात्यातल्या साहेबांनी परवा विचारलं होतं, बांधकाम ठीक आहे ना. मी हेच फोटो पाठवले. ते म्हणाले, उत्तम."

म्हटलं, मी सरळ करायला लावली.

"मग करेक्टच केलंत," ते म्हणाले. "आणि टाकी रिकामी करू? वरच्या मजल्यावरच्या बायका मला त्याच टाकीत बुडवतील."

पाण्याच्या खात्यात फोन केला. पहारेकऱ्याने उचलला. सोमवारी या म्हणाला. पंपवाल्याला गाठलं. तो म्हणाला, अध्यक्षांना विचारा. मग घरोघर गेले. लोक दारातच हसले. "बाई, तुम्हीच म्हणालात ना दिसतं तसं नसतं?" ड्रायव्हरभाऊंना तर आनंदच झाला. "म्हणजे माझी रेघ बरोबर होती! लिहून द्या मला तसं." एवढं ऐकून बायकोला सांगायला आत गेले. बाकीचं त्यांनी ऐकलंच नाही.

घरी आले तर सून स्वयंपाकघरात होती. मी म्हटलं, "चित्रं तू हलवली नव्हतीस."

"माहीत आहे, आई."

"तुला माहीत असणारच. मी सांगतेय."

तिने पाण्याचा तांब्या माझ्या पुढे ठेवला. मग दोघी वन्संच्या खोलीत गेलो.

रविवार, २३ फेब्रुवारी

हॉलच्या दारासमोर खुर्ची टाकून बसले आहे. पाठीला दार, त्याला कुलूप, दोन किल्ल्या माझ्या पदराला. तिसरी घेऊन अध्यक्ष पाहुण्यांना आणायला गेले आहेत. हातांना काम हवं म्हणून वही घेतली. लोकांना वाटतंय मी नावं लिहितेय, त्यामुळे कोणी फार जवळ येत नाही. जुनी सवय उपयोगी पडली.

वन्संची खोकी सकाळी सुनेने दारावर ओळीने चिकटवली. पहिलं डावीकडे, कालचं उजवीकडे. वर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'एकाच उशीवरून, एकाच खिडकीतून.' चित्रावर मोठ्या अक्षरांत लिहू नये हा माझाच नियम.

सुनेला घरी पाठवलं. ती ऐकेना. "तुम्ही इथे आणि मी घरी? मुळीच नाही."

"आत्याबाईंना कोण बघणार? आणि खुणेचं काम तुझ्याशिवाय होणार नाही." खूण अशी ठरली आहे : वन्सं गजाकडे बघत राहणार. टाकीची कड आणखी सरकली तर त्या सांगतील आणि सून खिडकीत ताट वाजवील. वन्सं म्हणाल्या, "ताट मीच वाजवणार. मोडलाय तो खुबा. हात नाही." काल त्यांच्या हातात दिलेलं जाड पितळी ताट त्या रात्रभर पोटाशी घेऊन झोपल्या.

जाताना सून म्हणाली, "आई, वाजलं की लगेच उठायचं. हातातलं टाकून."

"हो."

"वाक्य पुरं करत बसायचं नाही."

ही मुलगी मला ओळखते.

लोक जमलेत. नवे कपडे, पावडर, मुलांच्या केसांना तेल. वरच्या मजल्यावरच्या बायका माझ्याकडे बघून कुजबुजतात. एक मोठ्यानेच म्हणाली, "स्वतःच्या सासरच्या माणसाची चित्रं लावायला हॉल अडवलाय. आणि नियम आम्हाला!" दार बघा, एवढंच म्हटलं.

बघायला पहिले ड्रायव्हरभाऊ आले, आपली रेघ बरोबर होती हे सगळ्यांना सांगत. खोकी एक एक बघत गेले. शेवटच्याशी थांबले. मग वळून वर बघितलं. एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून, गाडी मागे घेताना बघत असतील तसं. हसू गेलं. त्यांनी बायकोचा दंड धरला आणि तिला रस्त्यापलीकडे नेलं. दुखऱ्या गुडघ्यांवर, भराभर. तिथून ओरडले, "अहो, मुलांना मागे घ्या! ए, मागे व्हा सगळे!"

मुलांना मागे घेतलं. मग आयाही मागे गेल्या. मघाची ती बाई वर बघतेय आणि तिचं तोंड उघडं आहे. माझ्यासमोर आता मोकळं अंगण आणि लोकांनी टाकलेल्या चपला.

नाल्याकडून अध्यक्षांचा आवाज आला, "चालू कर रे!" पंपाची घरघर सुरू झाली. पाहुण्यांना पुढे घालून ते येताहेत, हातात कात्री आणि किल्ली. त्यांना मागून लोक हाका मारताहेत, त्यांना वाटतंय स्वागत चाललंय. त्यांना दाराशी पोचू द्यायचं नाही, म्हणून मी अजून बसले आहे.

मी त्यांना हाताने थांबा अशी खूण केली. पाहुणे थांबले. अध्यक्ष म्हणताहेत, "बाई, उठा आता, शोभत नाही." पाठीमागचं दार पुन्हा किंचाळलं. कोणी ढकललेलं नाही.

ताट वाजतंय